बाहेरून घातलेली कडी

ताई, नमस्कार.

माझी आजी, म्हणजे आईची आई, गेल्या आषाढात गेली. ऐंशी वर्षांची होती. १९६६ ते २००३ अशी सदतीस वर्षं ती सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या डोंगरी गावांमध्ये नर्स होती. सगळे तिला 'नर्सबाई'च म्हणायचे. आजोबा मुंबईला माथाडी कामगार. गणपतीला आणि जत्रेला तेवढे घरी यायचे. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी एक स्मरणपुस्तिका काढायची असं मामाने ठरवलंय, आणि मी बरं लिहिते म्हणून काम माझ्या गळ्यात पडलंय. नावही त्यानेच ठरवलंय, 'त्यागमूर्ती'.

अडचण आईची आहे. ती म्हणते, "तिच्या आठवणी गावाला विचार. मला एवढंच आठवतं, रात्री दार वाजलं की ती उठायची, बाहेरून कडी घालायची आणि जायची." आई तेव्हा नऊ वर्षांची होती, मामा चारचा. मामा रडू नये म्हणून ती त्याच्या तोंडावर हात धरून अंधारात बसायची. मामाला यातलं काही आठवत नाही.

आणि माझी आजी या दोघांच्या आईपेक्षा निराळीच. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे चिंचवडला आली. मी शाळेतून आले की ती घरात असायचीच. ताप आला तर रात्रभर उशाशी. काही सवयी मात्र विचित्र होत्या. खाली दूध आणायला गेली तरी दार सताड उघडं टाकून जायची, बाहेरून कडी म्हणून लावू द्यायची नाही. त्यावरून बाबा चिडायचे. २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याची बातमी टीव्हीवर लागली, तर काही न बोलता उठली आणि सगळ्यांसाठी शिरा केला.

तिच्या ट्रंकेत २६ डायऱ्या निघाल्या, एक वजनाचा काटा आणि एक काचेची सिरिंज. डायऱ्यांत रोजच्या दोन-तीन ओळी. ११ डिसेंबर १९६७ला लिहिलंय, 'भूकंप. पट्ट्या संपल्या. पातळ फाडलं.' बाकी वाडीचं नाव, बाईचं नाव, आणि मग असं, 'पहिलटकरीण. पायाळू. मुलगी. २ कि. १००. येताना पाऊस.' १९७६च्या डायरीत मात्र पानोपानी 'केसेस २', 'केस नाही', आणि एका पानावर 'पगार नाही. शेजारून पीठ आणलं.' मामा म्हणतो, ते वर्ष वगळ.

मी काय लिहू? आणि आईला कसं समजावू?

– एक नात, चिंचवड

*

प्रिय नातीस,

वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगंच करते. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते लहान आहे. आईला समजावू नकोस. तिचं ऐकून घे. या पुस्तिकेतलं सगळ्यात मोलाचं पान तिच्याकडे आहे आणि ते अजून कुणी तिच्याकडे मागितलेलंच नाही.

आता नावाचं. मामाला माझा निरोप सांग, 'त्यागमूर्ती' नको. त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. आई गेल्यावर मुलाला तिच्यासाठी सगळ्यात मोठा शब्द हवासा वाटतो, तो त्याने शोधला. पण मूर्ती म्हटली की माणसं हात जोडतात आणि पुढे सरकतात. तिने त्या हातांनी काय केलं, ते कुणी विचारत नाही. आणि त्याग म्हटलं की विचारावं लागतं, कुणी केला? झोप आजीची गेली, गुडघे आजीचे गेले, हे खरंच. पण त्या रात्रींचा एक वाटा नऊ वर्षांच्या मुलीने उचलला, आणि तिला कुणी "चालेल का गं?" असं विचारलं नव्हतं. 'त्यागमूर्ती' छापलंत की तो वाटाही आजीच्याच नावावर जमा होतो. मला वाटतं, तुझी आई नेमकी तिथे अडली आहे. तिला आईचा राग आहे असं समजू नकोस. तिचा हिशोब कुणी मांडलेला नाही, एवढंच.

'सेवाभावी', 'निःस्वार्थ', 'वात्सल्यसिंधू' हे शब्दही जमलं तर बाजूला ठेव. याचं कारण मला माझ्याच आयुष्यातून सांगायला हवं.

१९८४ साली माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, सांगोल्याजवळच्या एका गावात. कळा रात्री सुरू झाल्या. एसटी सकाळची. माझा भाऊ आरोग्य उपकेंद्रावर गेला आणि सिस्टरांना सायकलवर डबलसीट घेऊन आला. बाळ बाहेर आलं ते निळसर, रडेना. माझी आई देवापुढे जाऊन बसली. सिस्टरांनी मात्र एक शब्द न बोलता बारीक नळीने त्याच्या तोंडातला चिकटा ओढून काढला, फडक्याने पाठ खसाखसा चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. मी छताच्या वाशांकडे बघत होते. मग तो आवाज आला. सिस्टरांनी वार, म्हणजे नाळेच्या आतल्या टोकाचा गोळा, पडेपर्यंत वाट पाहिली, ती पूर्ण आहे ना हे कंदिलाजवळ नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं, अंगणात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि बशीत ओतून चहा घेतला. उजाडताना निघून गेल्या. वर्षभरात त्यांची बदली झाली.

माझा तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला आहे. आणि मला त्या बाईंचं नाव माहीत नाही. आम्ही त्यांना 'सिस्टर' म्हणायचो. माझ्या आईने आयुष्यभर "देवमाणूस होती हो" म्हटलं, आणि देवमाणूस म्हटल्यावर नाव विचारायची गरज कुणालाच पडली नाही. मीही विचारलं नाही. त्या रात्री माझ्या घरात देव आला नव्हता. जिला काम येत होतं अशी एक बाई आली होती. वार तुटून आत राहिली तर रक्तस्रावाने बाई जाते, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती दमलेली असूनही कंदिलाशी उभी राहून ती तपासत होती. तुझ्या पुस्तिकेत मला हे वाचायचंय. आजीला काम किती येत होतं ते.

आणि त्यासाठी तुला अलंकारिक काही लिहायला नको. तू पत्रात उतरवलेली ती एक ओळच बघ. 'पहिलटकरीण. पायाळू. मुलगी. २ कि. १००. येताना पाऊस.' ही ओळ ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी ती उलगडून लिही, बस.

पहिलटकरीण म्हणजे पहिलं बाळंतपण, वाट कधीच न मोकळी झालेली, कळा लांबतात. त्यात मूल पायाळू, म्हणजे डोकं वर आणि ढुंगण किंवा पाय खाली. आज अशी बाई गाडीत घालून थेट मोठ्या दवाखान्यात नेतात आणि बहुतेकदा सिझेरियन होतं. तुझ्या आजीपाशी गाडी नव्हती, रस्ता नव्हता. पायाळू बाळंतपणात सगळ्यात अवघड गोष्ट कोणती माहीत आहे? हात आवरणं. बाळाचं अंग दिसायला लागलं की घरातल्या बायका "ओढा, ओढा" म्हणून ओरडतात. ओढलं की बाळाचे हात वर जातात, मान ताठ होते आणि डोकं अडकतं. म्हणून नर्सने बाळाला त्याच्याच वजनाने उतरू द्यायचं असतं, आणि डोक्याची पाळी आली की मग हाताशी थोडीच मिनिटं असतात. बाईच्या कळा, सासूची घाई, कंदिलाचा उजेड, आणि या सगळ्यात हात आवरून बसायचं. ते शिकवून एकदम येत नाही.

पुढे, २ किलो १००. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं, त्याला ऊब हवी, वारंवार अंगावर पाजायला हवं. वजन झालं ते ट्रंकेतल्या त्याच काट्यावर. काटा आढ्याला अडकवायचा, खाली फडक्याची झोळी, झोळीत बाळ. आता एक काम कर. त्या तारखेनंतरच्या महिनाभराची पानं काढ आणि त्याच वाडीचं नाव पुन्हा येतंय का ते शोध. माझी खात्री आहे, येईल. ती पुन्हा चढून गेली असेल, पोरगीने दूध ओढलं का ते बघायला. वजन वाढलेलं दिसलं, २ किलो ३००, २ किलो ४००, तर ते आकडे तसेच एकाखाली एक छाप. त्याच्यावर एक अक्षर लिहू नकोस.

आजीच्या कामाची एक पंचाईत आहे, ती आधीच सांगून ठेवते. त्यातलं बरंचसं काम म्हणजे न घडलेल्या गोष्टी. तिच्या उमेदीच्या काळात खेड्यांतून नाळ विळ्याने नाहीतर जुन्या पात्याने कापत आणि जखमेवर राख किंवा शेण लावत. मग आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं, आणि जायचं. धनुर्वात. लोक म्हणत, बाहेरचं झालं. नर्सबाई काय करायची, तर गरोदर बाईला टीटीची, म्हणजे धनुर्वाताच्या लशीची, दोन इंजेक्शनं, नवं कोरं ब्लेड, उकळलेला दोरा, आणि जखमेवर काही म्हणजे काही लावायचं नाही, हे सासवांना पुन्हा पुन्हा सांगणं. सुईणींना शेजारी बसवून हात धुवायला शिकवणं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याची घोषणा झाली. तिच्या वाडीतलं कुठलं मूल या एका ब्लेडमुळे वाचलं, ते कुणालाच सांगता येणार नाही, त्या मुलालाही नाही. हे तसंच लिही.

शिऱ्याचंही लिही. अगदी जरूर. २७ मार्च २०१४ची गोष्ट ती. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात हावड्याला एका छोट्या मुलीला पोलिओ झाला, ती देशातली शेवटची. त्यानंतर तीन वर्षं एकही नाही, तेव्हा प्रमाणपत्र मिळालं. पल्स पोलिओ सुरू झाला डिसेंबर १९९५ मध्ये; म्हणजे निवृत्तीआधीची सात-आठ वर्षं तुझ्या आजीने लसीचा तो डबा खांद्याला लावून वाड्या पालथ्या घातल्या असणार. डब्यात चारी बाजूंनी बर्फाचे पॅक, आत २ ते ८ अंश राहिले पाहिजेत, बर्फ विरघळायच्या आत शेवटच्या वस्तीवर पोचलं पाहिजे. शेतावर गेलेल्या बायकांची मुलं बांधावर गाठायची, करंगळीच्या नखाला शाई लावायची. अकरा वर्षांनी, चिंचवडच्या फ्लॅटमध्ये, तिला कळलं की ते सगळं कामी आलं. तिला सांगायला शेजारी तिच्या खात्यातलं कुणी नव्हतं. म्हणून रवा भाजायला घेतला.

आता १९७६. मामाला का वगळावंसं वाटतं ते मला कळतं, पण ते वर्ष ठेव. आणीबाणीच्या त्या काळात नसबंदीच्या केसेसचे आकडे वरून येत आणि ते खाली सगळ्यात शेवटच्या माणसाला पुरे करावे लागत. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आणि नर्स. पुरे झाले नाहीत तर पगार अडे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीचा कायदा विधिमंडळात मंजूर करणारं राज्य आपलंच होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही. उद्दिष्टांची ती पद्धत सरकारने अधिकृतपणे थांबवली ती थेट १९९६ मध्ये. म्हणजे 'केसेस किती?' हा प्रश्न तुझ्या आजीने नोकरीची बहुतेक वर्षं ऐकला.

त्या पानांवर तिने कुणाला गळ घातली असेल, कुणाला समजावलं असेल, कुणाला कदाचित भीतीही दाखवली असेल. आपल्याला ठाऊक नाही. आणि एखाद्या बाईला खरोखरच पाचवं मूल नको होतं आणि नर्सबाईने तिची सुटका केली, असंही झालं असेल. गावात चौकशी करशील तेव्हा दोन्ही तऱ्हेचं कानावर येईल. एखादी म्हातारी तोंड फिरवेल, तर तेही लिहून घे. पुस्तिकेत त्या वर्षाची चार-पाच पानं जशीच्या तशी दे. 'पगार नाही. शेजारून पीठ आणलं.' ज्या बाईच्या घरी पीठ नव्हतं तिने हे लिहून ठेवलं, पान फाडलं नाही आणि ती डायरी पन्नास वर्षं जपली. तिने जे लपवलं नाही ते आपण लपवायचं कारण नाही. मामाला एवढं विचार, तेव्हा तो दोन वर्षांचा होता, ते पीठ कुणाच्या भाकरीसाठी आणलं असेल?

इथे मात्र एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. डायऱ्यांतली बायकांची नावं छापायची नाहीत. कुणाची तांबी (कॉपर-टी), कुणाचा गर्भपात, कुणाच्या घरात कुष्ठरोग, कुणाला क्षय, कुणाचा नवरा मुंबईहून काय आजार घेऊन आला, हे सगळं त्या दोन-दोन ओळींत असणार. खोऱ्यातली निम्मी पुरुषमंडळी मुंबईला, गावात बायका आणि म्हातारी माणसं. बायकांचं सगळं गुपित एका नर्सबाईच्या पोटात. तिने सदतीस वर्षं ते बाहेर येऊ दिलं नाही, म्हणून तर दारं उघडली गेली. नाव झाकून, वाडीचं नावही झाकून, नुसती नोंद दे. जिला स्वतःहून आपलं नाव हवं असेल, "लिही गं, माझी चारही तिनेच केली," असं जी म्हणेल, तिचं तेवढं आनंदाने घाल.

म्हणजे गावाला जायला हवं. फोनवर हे होत नाही. पुढच्या महिन्याची वाट बघू नकोस, याच आठवड्यात रजा टाक. सोबत तो वजनाचा काटा घेऊन जा. "आजी कशा होत्या?" असं विचारशील तर "लई चांगल्या होत्या" एवढंच मिळेल आणि चहा येईल. काटा पिशवीतून काढून समोर ठेव. मग बारीक बारीक विचार. रात्री बोलवायला कोण गेलं होतं, सासरा की धाकटा दीर? वाटेत ओढा होता का, तो कसा ओलांडला? आल्यावर बसवलं कुठे, घरात की पडवीत? चहा दिला तो घरच्या कपात की वेगळ्या? हा शेवटचा प्रश्न गाळू नकोस. बाळंतपणाला हात लावणारी बाई हवी असायची, पण तिचा विटाळही असायचा, आणि जात तर होतीच. नर्सच्या नोकरीकडे तेव्हा लोक कसे बघत, रात्री-अपरात्री फिरणाऱ्या बाईबद्दल काय बोलत, हे जुन्या बायका सांगतील. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने शंभर वर्षांपूर्वी मुलींना नर्सिंगला घातलं तेव्हाही हेच बोलणं होतं, आणि १९६६ साली एकवीस वर्षांच्या तुझ्या आजीलाही ते चुकलं नसणार. तिला या कामाला कुणी घातलं, वडिलांनी की तिची तीच गेली? तुझ्या पत्रात हे नाही. घरात कुणाला तरी माहीत असेल.

बाकीचं भराभर सांगते. मधल्या ज्या वर्षांच्या डायऱ्या नाहीत त्यांच्यासाठी सेवापुस्तकाची प्रत घरात आहे का बघ; नेमणूक, बदल्या, रजा, सगळं त्यात तारखांसह असतं. बाळंतपणाच्या रजेची नोंद बघ, किती दिवसांनी कामावर गेली ते कळेल. डायऱ्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेव. सेलोटेप लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नको. मुखपृष्ठावर शालूतला फोटो नको, पांढऱ्या साडीतला शोध. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिकेने २० गरोदर बायकांना सुरक्षित खोलीत हलवलं; पुढे कसाबविरुद्ध साक्ष द्यायला त्या आपला गणवेश घालून गेल्या. त्या साडीची किंमत अशी असते. आणि वर्षश्राद्धाला त्या उपकेंद्रावरच्या आत्ताच्या आरोग्य सेविकेला आणि आशाताईंना जेवायला बोलवा. आजीच्या नावाने काही द्यायचं असेल तर संगमरवरी पाटीआधी त्यांनाच विचारा काय लागतंय. पडदा म्हणतील, पाण्याची टाकी म्हणतील. ते द्या.

आता पुन्हा तुझ्या आईकडे येते.

मामाच्या पुस्तिकेत गावाची नर्सबाई असेल, तुझ्या लेखात चिंचवडची आजी असेल. तुझ्या आईने मोठं होताना पाहिलेली बाई यांतली एकही नाही. ती एकाच वेळी आई आणि नर्स होती, एकाच खोलीत. काचेची सिरिंज ट्रंकेत निघाली म्हणालीस ना? त्या सिरिंजा, सुया वीस-वीस मिनिटं उकळाव्या लागत, आणि उपकेंद्र म्हणजे बऱ्याच ठिकाणी नर्सचं घरच. रॉकेलच्या स्टोव्हवर आधी सिरिंजा, मग डाळ. बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावायची. तुझ्या आईला त्या वाफेचा वास आठवत असेल. तिला सिरिंज दाखव. आजी आई म्हणून कशी होती, असं विचारू नकोस, "हे कसं उकळायचे गं?" एवढंच विचार. हाताला काम दिलं की माणसं बोलतात.

आणि ती कडी. तुझ्या पत्रात ती दोनदा आली आहे, तुझ्या लक्षात आलं नाही. एकदा आईच्या तोंडी, आणि एकदा तू सहज लिहून गेलीस, की आजी म्हातारपणी बाहेरून कडी म्हणून लावू द्यायची नाही. खाली दुधाला गेली तरी दार उघडं. तू त्याला विचित्र सवय म्हटलंस. मी त्या घरात राहिलेली नाही, मला खात्रीने सांगता येणार नाही. पण घरात नऊ आणि चार वर्षांची मुलं, बाहेर बिबट्या-तरसाचं रान, दारात कुणाच्या तरी सुनेला घेऊन जायला आलेला माणूस. कडी घातली नाही तर मुलं बाहेर पडतील, घातली तर आत कोंडल्यासारखी. तिने घातली. पुढे पंचवीस वर्षांनी ती तुझ्या घरी आली, आणि आत नात होती, तर तिला ती कडी सहन होईना. मला वाटतं, तुझ्या आईने जे मनात धरलं ते आजीच्याही मनात होतं. त्या दोघी यावर कधी बोलल्या नसाव्यात. आता बोलायला एकच उरली आहे.

म्हणून गावाला जाशील तेव्हा आईला बरोबर ने. "तू ये, मला वाट माहीत नाही," म्हण. ते खोटंही नाही. ते उपकेंद्र पडकं झालं असेल किंवा नवीन बांधलं असेल, पण जागा तिला सापडेल. पुस्तिकेत तिची दोन पानं तिच्याच शब्दांत असू देत, पहिली दोन. मामाच्या तोंडावर हात धरून बसलेली ती मुलगी आधी येऊ दे, मग पायाळू मुलगी, मग भूकंप, मग शिरा. मामा कुरकुरेल. त्याला ती पानं छापायच्या आधी वाचून दाखव, आईच्या समोर. त्याला आठवत नाही म्हणतेस, म्हणजे त्याची झोप कुणीतरी राखली.

मुखपृष्ठावर आजीचं पूर्ण नाव घाल, तिचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. खाली 'आरोग्य सेविका, १९६६ ते २००३'. 'नर्सबाई' आत कुठेही येऊ दे, पण वर नाव हवं.

आणि आईला एक विचारायचं राहू देऊ नकोस. जाताना कडी घालायची, ते तिने सांगितलं. उजाडताना आजी परत यायची, भिजलेली, बाहेरून कडी काढायची आणि आत पाऊल टाकायची. तेव्हा ती आधी काय करायची? पदर पिळायची, स्टोव्ह पेटवायची, की तशीच मुलांपाशी येऊन बसायची? आई जे सांगेल ते तिथल्या तिथे लिहून घे. काही न सांगता नुसती रडली, तर वही मिटून ठेव आणि तिच्याजवळ बस.

तुझी,
ताई